पात्रांव

भाचीचं लग्न ठरलं आहे. मुलगा पेडण्याकडचा, मोजकं बोलणारा, मला आवडला. साखरपुडा झाल्यावर त्याच्या आईने भाचीला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने सांगितलं, "तुझा तो कॉलेजातला मित्र आहे ना, त्याला यंदा सुतांपुनवेला राखी बांध. आमच्या लोकांना सांगायला बरं पडतं." फर्मागुडीला इंजिनियरिंग करत असल्यापासून तो मुलगा हिच्या सोबत आहे. दोघांनी मिळून राहिलेल्या विषयांच्या केट्या काढल्या, एकच जुनी स्कूटर आळीपाळीने दुरुस्त करत चालवली. राखीचं ऐकून हिला हसावं की रडावं कळेना. रात्री मला फोन. "मावशी, तू पात्रांव काकांना कधी राखी बांधलीस?"

नाही बांधली. का नाही ते सांगायला लागले, तर मध्येच तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा कॉल आला आणि माझं सांगणं तसंच राहिलं. म्हणून इथे लिहितेय.

पात्रांव म्हणजे माझा जुना मित्र, आणि हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. गोव्यात मोटारसायकल टॅक्सीच्या पायलटपासून हॉटेलवाल्यापर्यंत कुणालाही पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतात, तसं मी त्याला एकदा चिडून म्हटलं आणि ते चिकटलं. तो मला 'कारकून' म्हणतो. मी सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाले, तरी त्याच्या लेखी कारकूनच.

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मी नुकतीच सरकारी खात्यात एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, म्हणून लागले होते, म्हापशाहून पणजीला रोजची ये-जा. पुलावरून बसने भुर्रकन जाणारा आमचा सगळा बार्देश तालुका अचानक फेरीबोटीवर आला. बेतीच्या धक्क्यावर सकाळी जी झुंबड उडायची ती ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. फळी पुरती टेकायच्या आधीच माणसं उड्या मारायची, स्कूटरवाले पायांवर चाकं घालायचे, आणि पाऊस असा तिरका की छपराखाली उभं राहूनही भिजणं चुकायचं नाही. नवा पूल 1992 मध्ये सुरू झाला. तोवर आम्हा नोकरदारांच्या ओळखीपाळखी, भांडणं, काहींची लग्नंसुद्धा त्या बोटीवर जुळली.

आमची ओळख एका नळकांड्यामुळे झाली. तो जमीन मोजणीच्या खात्यात ड्राफ्ट्समन. घरी पुरे करायचे नकाशे एका लांबट डब्यात गुंडाळून न्यायचा. त्या संध्याकाळी डब्याचं झाकण हरवलं होतं. माझ्या छत्रीकडे बघून तो म्हणाला, "बाय, माझं डोकं नको, एवढं हे तुमच्या छत्रीत घ्या." आणि नकाशे माझ्या हातात देऊन स्वतः पलीकडच्या काठापर्यंत भिजत उभा राहिला. मला गंमत वाटली. त्या वयात बोटीवर छत्रीत शिरायची निमित्तं शोधणारे पुष्कळ होते. ह्याला छत्री हवी होती ती खरोखर कागदांसाठी.

मग रोजचंच झालं. सकाळी बेतीला, संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावर. तो अस्नोड्याचा, म्हणजे म्हापशापर्यंत बसही एकच. आम्ही काय बोलायचो म्हणाल, तर काहीही. त्याच्या साहेबाची लाल शाईची हौस, माझ्या टेबलावर अडकलेल्या फायली, बांगड्याचा भाव. तो गावच्या जत्रेतल्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करायचा. नायकाची भूमिका दिली तरी नको म्हणायचा, विंगेत पुस्तक धरून बसण्यात त्याला धन्यता. कुठला नट कुठल्या वाक्याला हमखास अडखळतो, हे तो मला नकलेसह सांगायचा आणि बसमधली माणसं वळून बघायची.

आता जो प्रश्न सगळे विचारतात तो घेऊन टाकते. मग लग्न का नाही केलं? दोघंही बिनलग्नाची, नोकरी पक्की, रोजची भेट. जात वेगळी होती हे खरं, आणि 1986 साली ते कारण लहान नव्हतं. पण जात हे आमचं कारण नव्हतं. माझ्या मैत्रिणीने मला तेव्हा अगदी खोदून विचारलं, तेव्हा जे तोंडातून गेलं ते आजही बदलावंसं वाटत नाही. मला त्याच्याबरोबर घरी जायचं नव्हतं. घरी काय झालं ते मला त्याला सांगायचं होतं.

त्याच वर्षी आमचं भांडण झालं, आणि ते काही साधं भांडण नव्हतं. राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं. डिसेंबरात रस्ते अडवले, झाडं पाडली, माणसं मेली. घराघरांत फूट होती, तशी फेरीबोटीवरही होती. मी मराठीच्या बाजूची. शाळा मराठीतून झालेली, आजोबांची पोथी मराठी, देवळातली आरती मराठी. ती एका कायद्याने परकी होणार म्हटल्यावर डोकं फिरायचं. तो कोकणीवाला. म्हणायचा, "झोपेत कुठल्या भाषेत बरळतेस ते एकदा आईला विचार." गंमत अशी की मराठीची बाजू मी कोकणीतून मांडत होते आणि तो कोकणीची बाजू काखेत मराठी पेपर धरून मांडत होता. तेव्हा मात्र दोघांनाही हसू आलं नाही. एके दिवशी तो म्हणाला की तुम्हा लोकांना अजून महाराष्ट्रातच जायचं आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, ह्या 1967 च्या जनमत कौलात माझ्या वडिलांनी कुणाला मत दिलं होतं हे त्याला माझ्याकडूनच कळलेलं. विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने भर बोटीत फेकून मारली. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. तो पुढच्या कठड्याला, मी मागच्या, असं चाललं.

4 फेब्रुवारी 1987 ला विधानसभेत राजभाषा विधेयक संमत झालं. देवनागरी कोकणी राजभाषा, मराठीचा सरकारी कामात वापर. आमच्याकडे घरात सुतक असल्याचं वातावरण. दुसऱ्या दिवशी बोटीवर तो जिंकल्यासारखा दिसेल अशी तयारी करून गेले, तर हा कठड्याला टेकून गप्प. आमच्या मध्ये फळकुटावर एक नुस्तं, म्हणजे मासळी, विकणारी म्हातारी बसायची, पणजीच्या बाजारात जाणारी. तिने कित्येक दिवस आमचा तमाशा पाहिला असणार. ती सरळ मला म्हणाली, "कितें गो बाय, घोवाकडेन झगडलें?" म्हणजे नवऱ्याशी भांडलीस का? मी तिकडून आणि तो इकडून एकदमच ओरडलो, "घोव न्हय तो!" "घोव न्हय हांव!" सगळी बोट हसली. म्हातारी काही हटली नाही. "जाल्यार भाव?" तिने विचारलं. भाऊही नव्हे म्हटल्यावर तिने आम्हा दोघांकडे असं पाहिलं, जणू शिळं नुस्तं कुणी ताजं म्हणून विकायला आणलंय. "मागीर कोण रे तो?" ह्याचं उत्तर आम्हाला देता आलं नाही, पण बोलणं सुरू झालं. वडिलांच्या मताबद्दल बोलल्याची माफी त्याने बसमध्ये मागितली, मराठीतून. ते मी त्याला अजून ऐकवते.

त्याचं लग्न 1988 ला, माझं पुढच्या वर्षी. दोन्ही पाहून-सवरून ठरवलेली. त्याच्या लग्नात मी पंगतीत वाढलं, माझ्या लग्नात त्याने मांडवाचं सगळं गणित सांभाळलं. इथवर सोपं होतं.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी पात्रांवबद्दल सगळं सांगितलं. हे बँकेत. हिशेबी माणूस. ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी म्हणाले, "चल, अस्नोड्याला जाऊ." गेलो. दोघे पुरुष सोप्यावर बसले, व्याजदर आणि पावसावर बोलले, आणि संपलं. मला आपली आशा, की दोघांचं मेतकूट जमेल. कधीच जमलं नाही. हे फुटबॉलवाले, तो नाटकवाला. आजही फोनवर "काय, बरं ना?" ह्यापलीकडे त्यांचं जात नाही. पण त्या रविवारनंतर ह्यांनी मला कधी विचारलं नाही की आज बोट चुकली म्हणजे कुठे होतीस. ह्यांच्या त्या न विचारण्याची किंमत मला तेव्हा कळत नव्हती. ऑफिसातल्या इतर बायकांची घरं पाहिली तसतशी कळत गेली.

वैनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, वेगळं. त्यांनी मला पहिली काही वर्षं चहा दिला तो नुसता चहा. पाहुणी म्हणून बशीत चकली नाही, घरची म्हणून स्वयंपाकघरात बोलावणं नाही. मला राग यायचा. आता त्यांच्या जागी उभी राहून बघते तेव्हा वाटतं, नवीन लग्न झालेल्या बाईने ह्याहून जास्त काय करायचं होतं? नवरा संध्याकाळी घरी येतो तेव्हा दिवसभराचं सगळं सांगून झालेलं असतं. तिच्या वाट्याला उरतं ते "काही विशेष नाही."

राखीचा विषय माझ्या सासूबाईंनी काढला. त्याही अगदी चांगल्या मनाने. म्हणाल्या, एक धागा बांधलास की लोकांची तोंडं बंद. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला दोन बहिणी आहेत, त्यांनाच ओवाळणी पुरत नाही." हसण्यावारी नेलं खरं, पण नंतर बसमध्ये तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "बांधायची तर बांध. पण मग तुझ्याशी भांडताना मला भाऊ म्हणून भांडावं लागेल. ते मला येत नाही." भाऊ म्हणजे काय ते मला माहीत होतं, घरात दोन होते. भावाला सगळं सांगता येत नाही. भाऊ ऐकून घेतो आणि मग काहीतरी करायला निघतो, निदान आमच्याकडचे तरी. सासूबाईंना मी सांगितलं की त्याच्याकडे राखी चालत नाही. त्यांनी ते सोवळ्याओवळ्यातलं काही असेल असं समजून सोडून दिलं.

आमच्या गोव्यात नात्याशिवाय कुणाचंच भागत नाही म्हणा. देवांचंसुद्धा नाही. शिरगावची लईराई देवी ही सात बहिणींतली एक, त्यातलीच एक म्हणजे आमच्या म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता. एक देवळात, एक इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, तरी बहिणी त्या बहिणीच. दोघींमध्ये तेला-फुलांची देवघेव चालते हे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. धर्म ओलांडून नातं टिकवणारी ही माणसं मला फार प्रिय आहेत. पण बघा, ओलांडायलाही आधी बहीण व्हावं लागलं. नुसत्या मैत्रिणी म्हणून त्या देवींना कुणी तेल पाठवलं असतं का?

द्रौपदीचं बरं होतं. कृष्ण तिला सखी म्हणाला आणि कुणी त्याला राखी आण म्हणून सांगितलं नाही. हल्ली मात्र वस्त्रहरणाच्या आधी तिने त्याच्या बोटाला चिंधी बांधली ती राखीच होती, असे मेसेज सुतांपुनवेला फिरतात. म्हणजे तिचीही सुटका नाही.

भाचीने मला मध्यंतरी एका संशोधनाची बातमी पाठवली होती, बरोबर नुसतं प्रश्नचिन्ह. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ओ क्लेअर इथल्या संशोधकांनी 2012 मध्ये छापलेलं. कॉलेजातल्या 88 मित्र-मैत्रिणींच्या जोड्या घेतल्या, दोघांना वेगवेगळं विचारलं. मुलांना मैत्रिणीबद्दल जास्त ओढ वाटत होती, मुलींना कमी, आणि मुलांचा समज असा की तिलाही आपल्याबद्दल तसंच वाटतं. पुरुष स्वतःबद्दल जरा जास्तच समजतात हे कळायला 88 जोड्या कशाला लागाव्यात ते मला समजलं नाही. आणि विशीतल्या मुलांना विचारून काय कळणार? विशीत बोटीच्या भोंग्याबद्दलही ओढ वाटते.

पण प्रश्न खोटा नाही, तेव्हा माझ्यापुरतं सांगते. कधीच काही वाटलं नाही का? वाटलं. नवा पूल व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. दोघांची लग्नं झालेली, त्याची मुलगी रांगणारी. एका सकाळी कपाटासमोर मी बराच वेळ उभी होते आणि शेवटी जांभळी इरकल काढली. ऑफिसात काही कार्यक्रम नव्हता. धक्क्यावर पोचले, तो समोरून येताना दिसला, आणि पोटात खड्डा पडला, कारण लक्षात आलं की ही साडी मी ह्याच्यासाठी नेसले आहे. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी मुद्दाम उशिराची बोट घेतली. दुसऱ्या दिवशी रोजची कॉटनची साडी नेसले आणि रोजच्या बोटीने गेले. काही आठवडे ते मनात राहिलं, मग कमी झालं, गेलं असंही म्हणवत नाही. त्याच्या मुलीच्या बारशाला घेतलेली चांदीची वाटी मी देत होते तेव्हा जे वाटायचं, तेच परत वाटायला लागलं एवढं खरं.

हे मी त्याला खूप वर्षांनी सांगितलं. दोघांचे केस पिकल्यावर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, चोरीसांच्या, म्हणजे गोवन सॉसेजच्या, माळांशेजारी उभं राहून. तो म्हणाला, "जांभळी ना? काठ मोरपंखी." मी बघतच राहिले. "आणि मी तेव्हा महिनाभर रोज दाढी करत होतो," तो म्हणाला, "तुझ्या काय लक्षात येणार!" मग त्याने गावठी मिरच्यांचा भाव विचारला. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही, लाजून नव्हे, बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून.

ह्या विषयावर वाचताना मला सर्वांत जवळची वाटली ती टागोरांची आणि अर्जेंटिनाची लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो हिची हकिकत. पणजीत पाटोच्या ग्रंथालयात सापडली होती. 1924 च्या नोव्हेंबरात टागोर पेरूला निघाले होते, वाटेत आजारी पडले आणि ब्युनोस आयर्सला थांबले. ओकाम्पोने त्यांना सान इसिद्रोला नदीकाठच्या घरात ठेवून घेतलं, दोनेक महिने. ते 63 वर्षांचे, ती 34 ची. त्यांनी तिचं नाव विजया ठेवलं, पुढचा कवितासंग्रह तिला अर्पण केला. 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते तिच्या खटपटीने. तेवढीच दुसरी भेट, बाकी सगळी पत्रं, टागोर 1941 ला जाईपर्यंत. अभ्यासक अजून तराजू घेऊन बसले आहेत, प्रेम होतं की भक्ती की आणखी काही. मला आवडते ती खुर्चीची गोष्ट. ज्या आरामखुर्चीत ते बसायचे ती तिने परतीच्या बोटीवर चढवायला लावली. केबिनच्या दारातून जाईना, तर दार काढायला लावलं. ती खुर्ची शांतिनिकेतनात पोचली. लांब राहणाऱ्या माणसाच्या पाठदुखीची काळजी करणं मला चांगलं समजतं. पात्रांवला टेबलावर वाकून वाकून मणक्याचा त्रास, मी त्याला उंच स्टूल घेऊन दिलं होतं. ऑफिसच्या स्टॉक रजिस्टरमध्ये ते स्टूल कधीच चढलं नाही, निवृत्त होताना तो ते घरी घेऊन आला.

वडील गेले 1998 ला. आई आधीच गेली होती, मृत्युपत्र नव्हतं. गोव्यात तेव्हा वारशाला पोर्तुगीजांचा 1867 चा नागरी कायदा लागू होता, त्यात मुलीचा वाटा मुलाएवढाच. गोव्याबाहेरच्या माझ्या मैत्रिणींना ह्याचं फार कौतुक. कायद्यात वाटा आहे आणि वाटणीच्या दिवशी भाऊ कागद घेऊन येतात, हेही गोव्यातच. हक्क सोडल्याचा कागद तयार करूनच दोघे आले होते. "तुला काय कमी आहे?" हे वाक्य प्रत्येक बहिणीने ऐकलेलं असतं. मी सही करणार होते. पेन हातात होतं असं नाही, पण मनाने केलीच होती.

पात्रांवला सांगितलं तेव्हा त्याने करू नको म्हटलं नाही. वन-फोर्टीनचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढला, सर्व्हे प्लॅन आणला आणि दोन-तीन रात्री बसून ट्रेसिंगवर माझ्या वडिलांची जागा काढली. घर, विहीर, फणस, आईने लावलेली अनंताची दोन झाडं, कुंपणालगतची तुळस. ज्या ठिकाणी मी लहानपणी झोपाळा बांधायचे तेही त्याने माझ्या बोलण्यातून लक्षात ठेवून बारीक टिंबाने दाखवलं होतं. "सोडायचं तर सोड," तो म्हणाला. "काय सोडतेस ते बघून सोड."

मी सही केली नाही. थोरल्याशी संबंध तुटले ते आजतागायत, धाकटा येतो-जातो. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसा-वाटणीची, केस चालली, प्रत्येक ठिकाणी माझ्या सहीशेजारी ह्यांची सही लागायची, कारण आमच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. हे बँकेतून अर्धी रजा काढून कोर्टात यायचे, सही करायचे, एक शब्द न बोलता जायचे. नकाशा एकाने काढला, सही दुसऱ्याने केली. कुणाचे उपकार मोठे, ह्या भानगडीत मी कधी पडले नाही.

त्याच काळात वकिलाने आम्हाला कायद्यातली एक गोष्ट समजावली होती. मुलंबाळं असलेल्या माणसाला आपल्या वाट्याच्या अर्ध्याच भागाचं मृत्युपत्र करता येतं. उरलेला अर्धा वारसांचा, त्यांना तो नाकारता येत नाही. मोकळा जो अर्धा, तो कुणालाही द्या. पात्रांवला हे फार आवडलं. "बघ, कारकून," म्हणाला, "कायद्यात नवरा आहे, बायको आहे, पोरं आहेत, भाऊ-बहिणी आहेत, मामा-काका आहेत. तुला जागा फक्त ह्या 'कुणालाही'मध्ये. माझ्या मोकळ्या अर्ध्यातलं एक मानकुरादाचं झाड तुझ्या नावाने करतो." अस्नोड्याच्या त्याच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, विहिरीजवळ ते आंब्याचं झाड आहे. मी म्हटलं, झाड नको, त्याखाली पालापाचोळा कोण काढणार?

पात्रांवला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा पहाटे पहिला फोन मला आला, वैनींचा. "बांबोळीला नेतोय, तू ये." तू म्हणाल्या. ह्यांनी गाडी काढली. आम्ही पोचलो तेव्हा त्याला आत घेतलं होतं. दुपारी अँजिओप्लास्टी झाली. संध्याकाळी एकेकाला आत सोडत होते. आधी वैनी, मग मुलगी. मी बाकावर बसून होते, माझी पाळी येईल असं मी धरलंच नव्हतं. वैनी बाहेर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे माझ्यासमोर रडत नाहीत. मघापासून ओठ दाबून धरलेत. तू आत जा."

मी आत गेले. दारावरच्या मुलाने नातं विचारलं, तर माझ्या मागून वैनींनीच सांगितलं, "घरची आहे." तो रडला, बराच रडला. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. मी बाहेर आले तेव्हा वैनी ह्यांच्याशी बोलत बसल्या होत्या, आणि ह्यांनी त्यांना कँटीनमधून पाव-भाजी आणून दिली होती. मी वैनींच्या शेजारी बसले. एवढी वर्षं ज्या बाईला मी नुसता चहा देणारी म्हणत होते, तिने त्या दिवशी जे मला दिलं ते मी तिच्या जागी असते तर दिलं असतं का, कोण जाणे. ह्यांनी दिलं असतं, एवढं ठाऊक आहे.

तेव्हापासून वैनींचा मला फोन येतो तो बहुतेक तक्रारीचा. ह्यांनी गोळी घेतली नाही, हे लोणचं खातात, तू सांग, तुझं ऐकतात. मी सांगते, तो माझंही ऐकत नाही, आणि मग आम्ही दोघी मिळून त्याला शिव्या घालतो. ही मैत्री मी मागितली नव्हती. मला वैनींशी बोलायला आता त्याच्यापेक्षा जास्त विषय असतात, ह्याचं त्याला थोडं वाईटही वाटतं.

गेल्या महिन्यात तो खरंच नोटरीकडे जाऊन आला. घर मुलीला, वैनींचा हिस्सा वैनींचा, वगैरे सगळं सरळ. घरी येऊन त्याने वैनींना झाडाचं विचारलं, म्हणजे त्या मानकुरादाचं, कारकुनाच्या नावाने करू का म्हणून. वैनी फोनवर मला हे हसत सांगत होत्या. त्यांनी त्याला उत्तर दिलं, "झाड कशाला? आंबे मी दर साल पाठवतेच ना. आणि तिला सांगा, मागच्या वर्षीची टोपली अजून परत आलेली नाही."